चौथी हाक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सुट्टीच्या जरा आधी, शोभावर आमच्या तालुक्याच्या कोर्टात अन्याय झाला. पोटगीचा तिचा अर्ज गैरहजर म्हणून खारीज झाला, आणि ती समोरच्या निंबाखाली लेकरू मांडीवर घेऊन हजर होती.

हे मी आमच्या महिला संघटनेच्या पत्रकात छापणार होते. पण अन्याय केला कोणी, ते आजवर मला ठरवता आलेलं नाही.

त्या कोर्टाचा पुकारा करणारा शिपाई तुम्हीही पाहिला असेल. आधी खाकरायचा, मग दारातून तीनदा नाव घ्यायचा. नियम तेवढाच. पण कोणी आलं नाही तर हा पायऱ्या उतरायचा आणि निंबाकडे तोंड करून चौथी हाक द्यायचा. खेड्यातल्या बाया त्या हाकेच्या भरवशावर झाडाखाली निवांत भाकरी सोडत.

पक्षकाराचा चहा तो घेत नसे. कोणी पेरू पुढे केला तर म्हणायचा, "ठेव बापू, तारीख संपल्यावर घरी नेऊन खाय." कोणी निकालाचं विचारलं तर, "मले फक्त नाव मालूम."

त्या दिवशी व्हरांड्यात शोभाच्या सासरचे लोक उभे होते, म्हणून ती झाडाखालीच थांबली. वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला. शिपायाने तीनदा पुकारलं, झाडाकडे पाहिलं आणि आत गेला.

मी पोचले तोवर सगळं संपलं होतं. त्याला दारातच गाठलं.

"काका, ती दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली ना."

"मग चौथी हाक काऊन नाही दिली?"

"ते माह्या बायकोच्या बहिनीची पोरगी हाय."

"मग तर द्यायलाच पाहिजे होती!"

"तिचे सासरचे मले ओयखतात, पोरी. उतरलो असतो त म्हनले असते, मावसा कोर्टात हाय म्हनून हाका मारून बलावते."

"पण सगळ्यांना देता ना?"

त्याने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं. "सगळे माहे कोन लागतात?"

कोर्टातल्या माणसाने नात्याचा फायदा देऊ नये, हे मी स्वतः सभांमधून ओरडून सांगते. मग याच्यावर ओरडू कशी? आणि परक्यांना मिळतं ते घरच्या पोरीला नाकारणं, याला सचोटी म्हणू की भीती? तुम्हाला कळलं तर मला सांगा.

शोभा एवढंच म्हणाली, "मावसाजीले काही बोलू नको. पन मी त्या हाकेचीच वाट पाहून राह्यली होती वं."

तो आता निवृत्त झालाय. मी त्याच्या घरी जाऊन म्हटलं, "आता तरी तिच्या तारखेला या."

"नाही. लोक म्हनतीन, जुना मानूस आतल्या लोकाइले तिच्यासाठी सांगाले आला." मग फाटकापर्यंत आला. "व्हरांड्यातच बस म्हना तिले. सासरचे असले तरी."

नवा शिपाई दारातून तीनदा पुकारतो आणि आत जातो. त्याचं काही चुकत नाही. निंबाखाली बाया अजून बसतात.

शोभाने पुन्हा अर्ज केलाय, येत्या सोमवारी तारीख आहे. तुमचं त्या कोर्टात काम असो नसो, या. तिचं नाव पुकारलं की पायऱ्या उतरा आणि चौथी हाक तुम्ही द्या. तुम्ही तिचे कोणी लागत नाही, तुम्हाला कोण अडवणार?