वेताळाचा डावा डोळा

माझं सासर राजूरचं. सासरे बोहाड्याचे लाकडी मुखवटे रंगवायचे. बोहाडा म्हणजे आमच्या डोंगरातल्या गावांचा उत्सव. देवांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून माणसं नाचतात. रंग कोणीही फासेल, पण मुखवट्याचे डोळे उघडावेत, म्हणजे बुबुळं काढावीत, ते सासऱ्यांनीच, अशी त्यांची ख्याती. रंगलेल्या मुखवट्याला बाईने हात लावायचा नाही. माझ्याकडे काम ब्रश धुण्याचं. रंग पत्र्याच्या नळीपर्यंत चढू द्यायचा नाही, केस रिठ्याच्या पाण्यात चोळायचे, टोक चिमटीने निमुळतं करायचं आणि ब्रश केस वर करून उभा ठेवायचा. उलटा दिसला की दिवसभर माझा उद्धार व्हायचा.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांची नजर गेली. उजेड तेवढा कळायचा, माणूस आवाजावरून. हे फक्त मला ठाऊक, कारण नवरा देवळाली प्रवरेकडे उसाच्या कामाला गेलेला. गावाला कळतं तर मुखवटे दुसऱ्याकडे गेले असते, आणि त्या कामाखेरीज म्हाताऱ्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. म्हणून मीही तोंड शिवून बसले.

त्या दुपारी वेताळाचे डोळे उघडायचे होते. पाण्याची एवढी टंचाई की ब्रश बुचकळायला बादलीऐवजी वाटी, आणि काळ्या रंगालाही तसलीच वाटी. सासऱ्यांनी अंगठा खोबणीत ठेवून उजवं बुबुळ असं काढलं की मी बघतच राहिले. दोन डोळ्यांच्या मध्ये ब्रश धुवायचा हा त्यांचा नियम. मी धुऊन, पाणी बदलून तो परत दिला. त्यांनी बुचकळला तो पाण्याच्या वाटीत. त्याच ठाम हाताने डावा डोळा निव्वळ पाण्याने काढला. डोळा क्षणभर चकाकला आणि वाळून कोरा झाला. झालं म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले.

तशी मी भित्री नाही. पण खोलीत मी जिकडे सरके तिकडे ते एकटं बुबुळ मागे येई, आणि कोऱ्या बाजूला कोणी डोळा मिटून जागं असल्यासारखं वाटे. संध्याकाळी माणसं मुखवटा न्यायला येणार होती. मी ब्रश रंगात बुचकळला. बुबुळ भरताना हाताखालचं लाकूड गरम लागलं, ताप भरलेल्या अंगासारखं.

बोहाड्यात उजाडता उजाडता वेताळ निघाला. संबळ वाजत होता. सासरे माझा दंड धरून उभे. वेताळ गिरक्या घेत आला, आमच्यासमोर थांबला आणि त्याने मान तिरकी केली. आत आमचा शेजारी नाचत होता. मान आपण वळवलीच नव्हती, असं तो पुढे शपथेवर सांगायचा.

सासऱ्यांनी चेहरा बरोबर त्याच्याकडे उचलला.

"सोंग गर्दीत मला हुडकतं," ते हळू म्हणाले. "दरसाल. दोनी डोळ्यांनी. आज एकच डोळा माझ्यावर हाय."

त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली.

"दुसरा कुणावर हाय, पोरी?"

खोटं बोलता आलं असतं. जीभ वळली नाही.

"माझ्यावर, मामंजी."

संबळ पुढे सरकला, वेताळ मात्र जागचा हलेना. सासऱ्यांनी माझ्या दंडावरचा हात काढून घेतला आणि पहिल्यांदाच, साऱ्या गावादेखत, दोन्ही हातांनी हवा चाचपत ते घराकडे निघाले.