कॅमेरा बंद झाल्यावर बाबा बोलले

बपेऱ्याच्या थांब्यावर एसटी लागली, मी पायरीवर चढलो आणि मागे वळून बाबांना म्हणालो, "आणि एक राहिलंच. फोनवर जरा शुद्ध बोलत जा. ते मले-तुले नको. पोरं हसतात."

पहिली सुट्टी संपवून मी पलटणीकडे परत निघालो होतो. माय पदरानं डोळे पुसत होती. बाबा खिडकीतून माझी बॅग आत देत होते, ते जरा थबकले. मग म्हणाले, "बरं बापा. बोलीन तसा. तू पोचला का फोन लावजो." गाडी तुमसरकडे सुटली. मी जागा धरून बसलो आणि मनात म्हटलं, चला, एकदाचं सांगून टाकलं. गाढव होतो मी!

झालं होतं असं. आमच्या बरॅकीत माझ्या शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडचा जाधव होता. मनानं लाख माणूस, पण तोंडाला कुलूप नाही. एकदा बाबांचा फोन आला तेव्हा माझे हात साबणाचे होते, म्हणून त्यानंच स्पीकर लावला. बाबा विचारत होते, "कवा येऊन राहिला तू?" जाधव खाटेवर लोळून हसला. "आला पण आणि राहिला पण? मग म्हातारा विचारतो कशाला?" सगळी बरॅक हसली. मीही हसलो. आमच्याकडे 'येऊन राहिला' म्हणजे 'येतोयस', एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण लाज वाटली. बाबांची लाज वाटली, आता लपवून काय करू?

त्यानंतर आमची तुकडी बर्फातल्या चौकीवर गेली. तिथं मोबाईलला रेंज नाही, घरचा आवाज कधीमधी मिनिटभर. म्हणून त्या दिवाळीला वरिष्ठांनी ठरवलं की जवानांच्या घरच्यांचे व्हिडिओ मागवायचे आणि लंगरात, म्हणजे आमच्या जेवणघरात, टीव्हीवर दाखवायचे. भंडारा जिल्ह्यातल्या घरांना साकोलीच्या एका शाळेत बोलावलं होतं. माझी ताई साकोलीलाच दिली आहे. माय-बाबा दोन एसट्या बदलून तिच्याकडे गेले.

लंगरात आम्ही दाटीवाटीनं बसलो. जाधवची आई आधी आली. तिला कॅमेरा कुठं आहे हेच कळेना. ती भिंतीकडे बघून त्याला शिव्या घालत होती, की मेल्या, अंगावर स्वेटर आहे का, तुझी शेळी मी विकणार नाही, आणि मध्येच हमसून रडली. हसता हसता आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग माझे बाबा. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, हातात कागद. "प्रिय चिरंजीव, आम्ही सर्व येथे कुशल आहोत. तुला दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. मला तुझा अभिमान वाटतो." 'तुला' आणि 'मला' म्हणताना ते किंचित थांबत होते, चिखलात पाय जपून टाकावा तसे. मागे माय उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. व्हिडिओ संपला.

जाधव म्हणाला, "तुझे वडील मास्तर आहेत काय रे?"

आणि मी म्हणालो, "हो."

जन्मभर धान लावणाऱ्या माणसाला मी एका अक्षरात मास्तर करून टाकलं, आणि वर मला बरं वाटलं.

लगेच आमचेही व्हिडिओ घेतले. मीही तसलंच बोललो, मी मजेत आहे, काळजी नसावी. ताईच्या फोनवर बाबांनी तो पाहिला आणि शेजाऱ्यांना बोलावून म्हणाले, "साहेबावानी बोलते ना बे आपला पोट्टा!"

उन्हाळ्यात बाबा गेले. छातीत दुखलं आणि गेले. चौकीवरून खाली उतरून गावाला पोचेपर्यंत मला चार दिवस लागले. राख वैनगंगेत गेली होती.

तेव्हा ताईनं सांगितलं. तो कागद तिच्या मुलीनं लिहून दिला होता. बाबा चार दिवस तो घोकत होते, चुकलं की स्वतःवरच चिडत होते. "त्याची फजिती नाई झाली पायजे," म्हणत होते. मायला तर त्यांनी बजावलंच होतं, "तू तोंड उघडू नोको, तुले जमत नाई." आणि कॅमेरा बंद झाल्यावर बाबा हुश्श करून खुर्चीत बसले आणि शूटिंगवाल्या मुलाशी बोलायला लागले ते थांबेचनात. "पोट्ट्याले सांगजा, वरच्या बांधीतला धान औंदा मस्त झाला. लाल गाय व्याली, गोऱ्हा झाला. आन त्याले म्हणा, मले तुयी लय याद येते. तू गेल्यापासून जेवाले बसलो का तुयी थाली मांडाले जातो मी." त्यानं मान हलवली आणि वायर गुंडाळली. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

माझ्यासाठीचा निरोप तो होता. रेकॉर्ड झाला तो दुसऱ्याच कुणाचा तरी.

आता पेन्शन घेऊन पुण्यात राहतो. एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. बायको-मुलगी इथल्याच वळणाच्या झाल्या. मुलीला तो व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, "आजोबा किती छान बोलायचे!" मी म्हटलं, असे नव्हते बोलत. "मग कसे?" मी बोलून दाखवायला गेलो. नाटकात नक्कल करावी तसं ते येत होतं. गावाकडच्यांनो, हेसुद्धा मी पुण्याच्या मराठीत लिहितोय, माफ करा. आणि माझ्यासारखे बाहेर पडलेल्यांनो, घरच्यांना काही सुधारायला सांगण्याआधी जीभ चावा. ते खरंच ऐकतात हो.

माय अजूनही ऐकते. बाबांनी घालून दिलेलं वळण तिनं सोडलं नाही. परवा फोनवर म्हणाली, "मला बरं आहे. तुला कसं आहे?" मी म्हटलं, माय, मले म्हण ना, तुले म्हण. ती ओशाळून हसली, "तुझ्याशी आता असंच येते," म्हणाली आणि फोन ठेवला. म्हणजे खाटेवर ठेवला. बंद करायचा राहिला.

पलीकडे कुणी शेजारीण आली. "कोनाचा फोन होता वं?"

"पोट्ट्याचा. पुन्याहून."

"काय म्हने?"

"म्हनते, आपल्यावानी बोल. कसं बोलू बाई? बाजूले कोनी बसलं असन, हासन त्याले. मले भेव वाटते ना!" मग ती धानाच्या रोपांवर, पऱ्ह्यावर आली, दुखऱ्या गुडघ्यावर आली, आणि ते बोलणं पाण्यासारखं वाहत राहिलं.

माझं घर तिथं चालू होतं, खाटेपासून हातभर अंतरावर. एक हाक मारली असती तर मायनं फोन उचलला असता आणि पुन्हा मला-तुला सुरू केलं असतं.

म्हणून हाक मारली नाही.