मामांची डावी काख

गल्लीतले सगळे ज्यांना मामा म्हणत, ते केस कापणारे मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि त्यांच्या बायकोला ओघानंच मामी व्हावं लागलं. संसारात मामांनी कधी काखा वर केल्या नाहीत. मुलीचं शिक्षण, सासूचं आजारपण, मामी कामाला जात तो साबणाचा कारखाना बंद पडला ते वर्ष, सगळं त्यांनी हसत निभावलं. धंद्यात मात्र दिवसभर काखा वर करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डाव्या हातात कंगवा, उजव्यात कात्री, दोन्ही कोपरं हवेत आणि मधोमध गिऱ्हाइकाचं नाक. मानेभोवती कापड बांधलेला माणूस नाक घेऊन जाणार तरी कुठे?

म्हणून मामांना वासाची भारी धास्ती. दुकानात जादा शर्ट टांगलेला असे, आणि औषधांच्या दुकानातून आणलेला घाम रोखणारा रोल-ऑन ते वर्षानुवर्षं न चुकता लावत. घाम थांबे, पण शर्टांच्या काखा पिवळ्या पडून पुठ्ठ्यासारख्या कडक होत. ते शर्ट घासून घासून मामींचे हात भरून येत आणि तोंडाचा पट्टा सुरू होई.

कारखाना बंद पडल्यावर मामी घरात स्वस्थ बसतील ही आशाच व्यर्थ होती. भांडी घासून झाली, कपाटं आवरून झाली, मग त्यांनी नारळाचं तेल, मेण, मक्याचं पीठ आणि खायचा सोडा घेऊन काखेत लावायचं मलम घोटायला घेतलं. चार वेळा फसलं. पाचव्या वेळी ते लोण्यासारखं जमलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला की तो पाहून मामांनी लगेच शर्ट काढला आणि पहिलं बोट स्वतःच्या काखेत फिरवलं. बायको बऱ्याच दिवसांनी हसली होती. त्या हसण्यासाठी मामांनी डोक्यालासुद्धा मलम लावलं असतं.

पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत दोन्ही काखांखाली शर्ट ओलाचिंब झाला. आरशात मामांना ते डाग दिसले. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण गिऱ्हाइकं बोलतच नाहीत, नुसती दुसऱ्या दुकानात जातात. मामा पडद्यामागे गेले, वस्तऱ्यांच्या खणातून जुना रोल-ऑन काढला आणि लावला. त्या दिवसापासून घरी मलम आणि दुकानात रोल-ऑन, असा चोरीचा मामला सुरू झाला.

संध्याकाळी मामी शर्ट हुंगून बघत. कोरडा ठणठणीत, आणि रोल-ऑनचा सुगंध त्यांना दुकानातल्या पावडरीचा वाटे. त्या हरखून जात, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणींना सांगत की दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसाला मलम पुरून उरतं, मग तुम्हाला का नाही? गोष्ट फिरत फिरत व्यायामाचे वर्ग घेणाऱ्या बाईंच्या कानावर गेली. त्यांनी आपल्या सगळ्या वर्गासाठी डब्या मागितल्या. मामींनी स्वयंपाकघराचा कारखाना करून टाकला.

मामांना पुढचं दिसू लागलं. वर्गातल्या बायका घामानं निथळणार आणि बोल लागणार तो मामींना. कारखाना गेला तेव्हा मामींनी कुणाला रडून दाखवलं नव्हतं, पण महिनाभर त्या भिंतीकडे तोंड करून झोपायच्या, हे मामांनाच ठाऊक होतं. ते दिवस पुन्हा आले तर ते स्वतःला माफ करू शकले नसते. शेवटी, मामी डब्यांना झाकणं लावत असताना, त्यांनी सगळं सांगून टाकलं.

मामींनी हातातलं झाकण खाली ठेवलं.

"पहिल्या दिवशी वास आला होता का?" त्यांनी विचारलं.

"शर्ट ओला झाला होता गं."

"मी वासाचं विचारतेय."

स्वतःचा वास स्वतःला कळत नाही, आणि दुसऱ्याला विचारायची मामांची छाती झाली नव्हती. त्यांनी फक्त आरशाला विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामींनी मामांच्या डाव्या काखेत स्वतःचं मलम लावलं, उजवीत त्यांचाच रोल-ऑन, आणि स्वतः दुकानात येऊन बाकावर ठाण मांडून बसल्या. दुपारी उतरत्या उन्हात ड्रायव्हरकाका आले. आयुष्यभर बस चालवलेला हा माणूस तोंडाचा फटकळ. स्वतःच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांना 'तुमचं भाषण लांबलं' असं तोंडावर सांगणारा. मामांचा डाव्या बाजूचा शर्ट तोवर ओलाकच्च झाला होता. मामींनी काकांना काहीच न सांगता नुसतं म्हटलं की केस झाले की दोन्ही बाजूंचा वास कसा वाटला ते सांगा. मामांनी जन्मात एवढे हळू केस कापले नव्हते.

"उजवीकडे अत्तराचं दुकान आहे," काका कापड झटकत म्हणाले. "डावीकडे काही नाही. शर्ट भिजलाय, तेवढा बदलून टाक."

"घामट वास?" मामींनी विचारलं.

"असता तर पहिल्या कटलाच बोललो असतो."

मामांचा जीव भांड्यात पडला. मलम जिंकलं म्हणून ते बाकाकडे वळले, तर मामींचे डोळे भरलेले.

"घाम तर यायचाच, तो अडवायला मी मलम केलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "वास जावा एवढंच हवं होतं आणि तो गेला होता. मला तुम्ही खोटी शाबासकी देत बसलात. खरी माझ्या वाट्याला होती, तीच तुम्ही मला मिळू दिली नाहीत."

मामांनी कात्री खाली ठेवली. माफी मागावी एवढं त्यांना कळलं आणि काकांच्या देखत त्यांनी ती मागितली.

मामींनी व्यायामवाल्या बाईंना जाऊन स्पष्ट सांगितलं की घाम येईल, वास येणार नाही. कोरडा शर्ट हवा असेल त्यांनी दुकानातला रोल-ऑन घ्यावा, त्यात काही पाप नाही. निम्म्या बायकांनी डब्या घेतल्या. मामी त्यावर खूश होत्या. मामांशी मात्र कामापुरतंच बोलत होत्या.

आठवडा उलटल्यावर त्यांनी सोड्याचं प्रमाण बदलून नवं मलम घोटलं. सवयीनं मामांपुढे धरलं, आणि मग हात मागे घेतला. मामांनीच डबी ओढून घेतली, बोट फिरवलं, शर्टाची बटणं लावली. दाराशी जाऊन चप्पल घातली आणि परत आले.

"चुरचुरतंय," ते म्हणाले. "चांगलंच चुरचुरतंय. हे नको लावायला कुणाला."

मामींनी डबी हातातून घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू परत आलं, आणि त्या म्हणाल्या, "काढा शर्ट. पुसून देते."