आत्याच्या टीव्हीवर बाबा

बाबा गेले त्या दिवशी आम्ही घाई केली. घाई तत्त्वासाठी होती, म्हणून तेव्हा ती घाई वाटली नाही. त्यांनी देहदानाचा अर्ज भरून ठेवला होता, आणि वैद्यकीय महाविद्यालयातल्या माणसानं फोनवर सांगितलं होतं की उन्हाळा आहे, लवकर आणा. सकाळी आठला मी चाकूरजवळच्या खेड्यात आत्याच्या मुलाला, म्हणजे दादाला, फोन केला. दुपारी दोनला गाडी बाबांना घेऊन गेली. आत्या नांदेडला आमच्या दारात पोचली तेव्हा चार वाजले होते. अंगणात खुर्च्या होत्या, माणसं होती, मीही होते. बाबा नव्हते.

"कुठाय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. देहदान म्हणजे काय तेही सांगितलं, कारण सगळ्यांना सगळं समजावून सांगायची मला सवय आहे. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंजी मातीबी न्हाई, राखबी न्हाई. मग म्या तोंड कुणाचं बघू?"

आमच्याकडे मातीला आलेलं माणूस आधी तोंड बघतं. सख्खी बहीण वाटेत असेल तर थांबतात. ती येते, तोंडावरचं कापड बाजूला करते, जे बोलायचं राहिलं असेल ते बोलते, आणि मगच उचलतात. आम्ही थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी मी महाविद्यालयात विचारायला गेले, तर आता दाखवता येत नाही म्हणाले. देहदानाबद्दल मला आजही शंका नाही. त्या दोन तासांबद्दल आहे.

आणि आत्याचं बोलायचं बरंच राहिलं होतं. बारा वर्षांपूर्वी आजोबा गेले, तेव्हा बाबांनी तेरवी घालायला नकार दिला. तेराव्या दिवशी गावच्या वेशीत उभं राहून त्यांनी तेरवीच्या जेवणावळीविरुद्ध पत्रक वाटलं. त्या नकारावर चिडून आत्यानं आपल्या सासरी तेरवी घातली होती; वेस त्याच गावची. पत्रक वाटणाऱ्यांत मी होते, शाळेच्या गणवेशात. एक पत्रक मी आत्याच्याही हातात दिलं. तिला वाचता येत नाही. तिनं त्याची घडी घातली, कमरेला खोचली आणि निघून गेली. त्यानंतर भाऊ बहिणीशी बोलला नाही आणि बहीण भावाशी.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा दादाचा फोन आला. "आईला लातूरला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणले घरी न्या, काय खाती ते खाऊ घाला. ती एकच म्हणून राहिली. भावाला हालता-बोलता दाखवा म्हणती."

मी म्हटलं, "व्हिडिओ आहेत की. आत्ता मोबाइलवर पाठवते."

"मोबाइलमधलं तिला दिसत न्हाई. एका डोळ्यात काचबिंदू, दुसऱ्यानं जरा जरा दिसतंय. टीव्हीला नाक लावून बसती तवा कुठं भजनाची सीडी बघती."

तो टीव्ही मला माहीत होता. जुना, मागं पोट असलेला. त्याखालचा डीव्हीडी प्लेअरही तसलाच, पेनड्राइव्ह लावायला त्याला जागाच नाही. म्हणजे बाबांना डीव्हीडीवर चढवल्याशिवाय ते आत्याच्या घरात येऊ शकत नव्हते.

माझ्या लॅपटॉपला डीव्हीडी लिहायची सोय नव्हती. आता कुणाच्याच नसते. हे कुणी ठरवलं? आत्याला कुणी विचारलं? कंपन्या एक खाच बंद करतात आणि ज्यांच्याकडे जुनं यंत्र आहे त्यांची माणसं आतल्या आत कोंडून पडतात. यावर मी एक पत्रक लिहू शकले असते, आणि खरं सांगायचं तर त्याची पहिली दोन वाक्यं मनात तयारही झाली होती. पण पत्रकानं डीव्हीडी होत नाही.

नांदेडच्या जुन्या मोंढ्याकडे एक लग्नाचं शूटिंग करणारे काका आहेत. त्यांच्याकडे डीव्हीडी लिहायचं बाहेरून जोडायचं यंत्र होतं आणि कोऱ्या डीव्हीडींचा एक अर्धा डबा. "न्या," म्हणाले. "नवरा-नवरीबी आता मागत न्हाईत. तुमचं काय, क्रांती भरून ठेवायची का?"

मी घरी येऊन बाबांच्या एका भाषणाची फाइल डीव्हीडीवर उतरवली, जशीच्या तशी. लॅपटॉपवर लावून पाहिली, दिसली. दुसऱ्या दिवशी लोहा, अहमदपूर करत बसनं चाकूर गाठलं आणि तिथून जीपनं गाव. आत्या उशीला टेकून बसली होती. तिनं त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसलं होतं. दादानं डीव्हीडी आत ढकलली. प्लेअर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. पडद्यावर अक्षरं आली, आत काही नाही म्हणून.

"तुमच्या चळवळीची सीडी आमच्या मशीनला पटंना," दादा म्हणाला.

आत्यानं विचारलं, "आला न्हाई का?"

"येतील आत्या," मी म्हटलं. आणि परत नांदेडला आले.

काकांनी कपाळावर हात मारला. "ताई, फाइल टाकली मंजी डीव्हीडी होत नसती. ते नुसतं गाठोडं झालं. त्या जुन्या मशीनला गाठोडं सोडता येत न्हाई. चित्र त्याच्या जातीचं करून द्यावं लागतं, आवाज त्याच्या जातीचा करावा लागतो, मग शेवटी डीव्हीडी पक्की बंद करून कुलूप घालावं लागतं." त्यांच्याकडे त्यासाठी सॉफ्टवेअर होतं, चोरीचं. मी नको म्हटलं. "आत्या मरून राहिली आन् तुम्हाला तत्त्व पडलंय," असं ते म्हणाले नाहीत, पण चेहरा तसाच झाला होता.

मी सगळ्यांसाठी मोकळं असलेलं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यानं चित्र बदललं. आवाजाचं विचारलं, बदलायचा की मूळ तसाच ठेवायचा. मी मूळ तसाच ठेवला. बाबांच्या शब्दाला मी जन्मात हात लावला नव्हता, सभेचा वृत्तान्त लिहितानासुद्धा. ही माझी चूक. घाईत आवाज ऐकून न बघता मी बस पकडली.

या खेपेला चित्र आलं. बाबा व्यासपीठावर, पांढरा सदरा, एक हात वर. आत्या दादाच्या आधारानं पुढं सरकली आणि तिनं नाक काचेला टेकवलं. बाबांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. दादानं टीव्हीचा आवाज वाढवला, वायर काढून पुन्हा खोचली. काही नाही.

आत्यानं पडद्यावर तळवा ठेवला. "बोलंना की," ती म्हणाली. मग म्हणाली, "अजून राग हाय व्हय रे?"

"आत्या, बाबा बोलताहेत. आवाजाचा प्रकार जुळला नाही, माझ्याकडून—"

"तू गप. त्यो असाच हाय. रागावला की ओठ हालवतो, बोलत न्हाई. ल्हानपणापासून."

बसमध्ये मी लोह्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले होते. एकदा मी तिला भावाचं तोंड बघू दिलं नव्हतं. आता तोंड दाखवलं होतं आणि त्यातून अबोला पुन्हा तिच्या घरात नेऊन ठेवला होता.

तिसरी डीव्हीडी मी काकांच्या दुकानात बसून केली. आवाजही बदलला. त्यांच्या माळ्यावरच्या जुन्या प्लेअरवर लावली, आणि बाबांचा आवाज दुकानभर घुमला. मला हुंदका आला. काका मात्र कान देऊन ऐकत होते.

"ताई, हे तर तेरवीच्या जेवणावर बोलून राहिले. त्या बाईला हे ऐकवणार?"

मी ती बंद केली आणि बाकीच्या फाइली उघडल्या. एकेक करून सगळ्या. हुंडा, पाणी, कापसाचा भाव, अंधश्रद्धा. प्रत्येक फाइल बाबा माइक हातात घेतात तिथं सुरू होते आणि टाळ्यांत संपते. कॅमेरा माझ्याच हातात असायचा. भाषण झालं की मी बंद करायची, जागा वाया जाऊ नये म्हणून. दाढी करणारे बाबा नाहीत. झोपलेले नाहीत. चहा ओतणारे नाहीत. एकही दिवाळी नाही, कारण ती आम्ही करत नव्हतो, आणि ज्या दिवशी नुसतेच घरी बसलेलो असू त्या दिवशी कॅमेरा काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. घरचे व्हिडिओ म्हणून जे मी जपून ठेवलं होतं, त्यात घर नव्हतं.

शेवटी इस्लापूरच्या शिबिराची फाइल निघाली. भाषणानंतर मी कॅमेरा बाकावर ठेवला होता आणि बंद करायला विसरले होते. चाळीस सेकंद. तिरकं पडलेलं चित्र, कडेला बाबा मांडी घालून बसलेले, भाकरी मोडतात. मग माझ्या हातातल्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे बघून म्हणतात, "ठेव की ते. जेवलीस का न्हाई? ये, गार होऊन राहिलं." व्यासपीठावरची भाषा नव्हे ती. गावची, आत्याची.

मी त्या चाळीस सेकंदांचीच डीव्हीडी केली. बसमध्ये एक खोटं जुळवून ठेवलं: हे तुझ्यासाठी बोलून ठेवलंय म्हणून सांगायचं. ज्या माणसानं मला खोटं बोलायचं नाही एवढंच शिकवलं, त्याच्या तोंडी मी खोटं घालायला निघाले होते.

दारात दादा म्हणाला, "दोन दिस झाले, पोटात काय न्हाई. पाणीबी चमच्यानं."

आत्या आडवी होती. आम्ही टीव्ही तिच्या बाजेला चिकटवून ठेवला. डीव्हीडी आत गेली. बाबा आले, भाकरी मोडली.

"वाळलाय," आत्या म्हणाली.

"ठेव की ते," बाबा म्हणाले. "जेवलीस का न्हाई? ये, गार होऊन राहिलं."

पडदा काळा झाला. आत्यानं मान माझ्याकडे वळवली. "तुला म्हणला न्हवं?"

जुळवलेलं खोटं ओठापर्यंत आलं होतं. "हाव, आत्या."

"असू दे." मग ती काळ्या पडद्याकडे बघून म्हणाली, "म्या जेवले रे. तू जेव." थोड्या वेळानं, "आणिक?"

"एवढंच आहे."

"जलमभर बोलला की त्यो."

"ते सगळं सभेतलं आहे."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. मग तिनं बोटानं टीव्ही दाखवला. "मग हेच लाव फिरून."

रिमोट कधीच बंद पडलेला होता. मी बटण दाबून डीव्हीडी बाहेर काढायची आणि पुन्हा आत ढकलायची. दर खेपेला प्लेअर घरघरायचा, आणि तेवढा वेळ मी श्वास रोखून बसायची. मग बाबा भाकरी मोडायचे, विचारायचे, आणि आत्या दर खेपेला सांगायची, "जेवले रे." दादा दाराला टेकून उभा होता. पाण्याचा चमचा त्याच्या हातात तसाच होता.