गिअर टाकला की मरणारं इंजिन

बंदरावर तिला सगळे वहिनी म्हणतात. दीर म्हणतो ते नात्याने, बाकीचे त्याचं ऐकून. पांढऱ्या मिशांचा क्रेनवाला तिच्या वडिलांच्या वयाचा आहे, पण तोही येऊन विचारतो, वहिनी, आमच्या मोटरचं जरा बघता का? ती बघते. मात्र बघताना कुणी शेजारी उभं राहून सल्ले द्यायला लागलं, की पाना त्याच्या हातात ठेवते आणि म्हणते, करा तुम्हीच. पुढे मग तो माणूस खोकतसुद्धा नाही.

इंजिनाचं काम ती काही हौसेने शिकली नव्हती. नवऱ्याला टॉर्च धरायला कुणीतरी लागायचं, ती धरायची. धरता धरता बघायची, आणि बघता बघता तो चुकला की टॉर्च हलवून दाखवायची. नवरा छातीच्या दुखण्याने अचानक गेला तेव्हा बोट, इंजिन, दीर आणि शाळेत जाणारी लेक, सगळं एकदम तिच्या पदरात पडलं. दिराला बोट चालवता येत होती, पण इंजिनातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. कुणीतरी ते सांभाळायला हवं होतं, म्हणून तिने सांभाळलं.

त्यांचा धंदा असा. एखाद्या मासेमारी ट्रॉलरच्या पाण्याखालच्या पंख्यात दोर नाहीतर जाळं गुंडाळलं की त्याचं इंजिन बंद पडतं आणि वारा नेईल तिकडे ते धूड निघतं. मग ह्यांना फोन येतो. दीर बोट घेऊन जातो, आता मोठी झालेली लेक पाण्यात उतरून पंख्यातला दोर कापते, आणि वहिनी इंजिनापाशी असते. वेळेवर पोचलं तर ट्रॉलर वाचतो, नाही पोचलं तर खडकावर जातो. म्हणूनच नवऱ्याने हौसेमौजेची बोट न घेता शर्यतीतून बाद झालेली बोट घेतली होती. आठ सिलिंडरचं इंजिन, आणि पळायला एक नंबर.

पण त्याला उभं राहता येत नव्हतं, तिथे घोडं पेंड खायचं. वेगात गाणं म्हणणारं ते इंजिन स्लोवर आणलं की मिसिंग मारायचं, खोकायचं, अख्खी बोट गदगदा हलवायचं. गिअर टाकला की मरायचंच. त्याचं मूळ जुन्या इग्निशनमध्ये होतं. त्यात ठिणगी पाडायला दोन बारीक पॉइंट असतात, ते सारखे उघडमीट करतात. ते झिजले, त्यांना खारी हवा लागली, की ठिणगी कधी वेळेवर पडते, कधी उशिरा, कधी नुसतीच चाटून जाते. वेगात हे सगळं खपतं. स्लोवर खपत नाही.

दिराने ह्या दुखण्यातूनच आपली सोय काढली होती. ट्रॉलरजवळ आलं की तो गिअरचा दांडा मागे ओढून रिव्हर्स टाकायचा. बोटीला ब्रेक लागायचा आणि इंजिन एक आचका देऊन गप्प व्हायचं. मग दांडा तसाच सोडून तो दोर घेऊन पुढे पळायचा. चावी फिरवायची गरजच काय, ते आपलं आपण मरतं की, असं म्हणून हसायचा. लेकीनेही त्यावरूनच आपलं गणित बसवलं होतं. मागच्या बाजूला बसून ती पायात पोहण्याचे रबरी फिन चढवायची, आणि बुडाखालची फळी थरथरायची थांबली की शिडीवरून पाण्यात. बोटीचा पंखा त्या शिडीच्या पायथ्याशीच, हातभर आत. कुणी कुणाला नियम म्हणून शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं आणि काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते निराळ्याच ठिकाणी. बंधाऱ्याजवळ एक ट्रॉलर अडकला होता, लेक त्याच्याखाली होती. लाटा होत्या, म्हणून दीर ह्या वेळी दोर न बांधता इंजिन स्लोवर ठेवून बाजूला थांबला. इंजिन मेलं. सेल्फ मारला, नुसतं कण्हलं. प्लग भिजले होते. बोट आडवी होऊन बंधाऱ्याच्या दगडांकडे सरकायला लागली, आणि नेमकी तेव्हाच लेक बोट आणि दगड ह्यांच्या मधोमध वर आली. पोरगी शहाणी, बघताक्षणी पुन्हा खाली गेली आणि बोटीखालून पलीकडे निघाली. खांद्यावरचा रबरी सूट फाटला, कातडी सोलली, ह्याहून जास्त काही झालं नाही. वहिनीच्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. घरी आल्यावर तिने लेकीच्या खांद्याला दोनदा मलम लावलं, तिसऱ्यांदा लावायला लागली तेव्हा लेकीनेच ट्यूब काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने सांगून टाकलं: पॉइंट काढायचे, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं, ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल नवी, वायरी नव्या, प्लग नवे. दिराला ते काही पटेना. स्लोचा स्क्रू थोडा वाढवला की झालं, असं त्याचं म्हणणं. तिने त्याला फैलावर घेतलं. स्लो वाढवलं की गिअर टाकताना बोट उडी मारते, आणि मारली उडी पोरगी खाली असताना, तर? मग दीर पुटपुटला की हे इंजिन दादाच्या हातचं आहे, म्हणून जीव अडकतो. तेव्हा ती जरा नरमली. म्हणाली, दादाच्या हातचंच राहणार आहे, फक्त त्याचा खोकला काढते.

काम तिने डोळ्यांत तेल घालून केलं. एका चुकीला ती घाबरून होती. जुन्या कॉइलला वीज कमी करून देणारी एक वायर असते. नव्या इग्निशनला तीच चुकून जोडली तर पळताना कळत नाही, स्लोवर वीज अपुरी पडते आणि पुन्हा रडगाणं सुरू. ती वायर तिने मुळापासून उपटून फेकली आणि नवी जाड वायर थेट ओढली. ठिणगीचं टायमिंग लावलं, पुन्हा तपासलं, मनाचं समाधान होईना म्हणून सगळं सोडून परत लावलं. इंजिनापासून पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याच्या जोडावर तिने पांढऱ्या रंगाचा एक पट्टाही ओढला, गिअर नीट सुटतो की नाही ते डोळ्याला दिसावं म्हणून.

मग सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात सुरू झालं, स्लोवर आलं आणि तिथेच राहिलं. दीर खाली वाकून ऐकत राहिला. बोटीच्या फळीवर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी जेमतेम शहारत होतं. तिने गिअर पुढे टाकला, मागे टाकला. मेलं नाही. दिराने स्वतः टाकून बघितला, मेलं नाही. क्रेनवाला वरून ओरडला, वहिनी, इंजिन चोरीला गेलं का, आवाज येत नाही. ती कितीतरी दिवसांनी मनापासून हसली. आता गिअरमध्येसुद्धा मरत नाही हे तिने दिराला सांगितलं, त्याने ऐकलं, लेकीनेही ऐकलं. तिघांनाही माहीत होतं, हे मुद्दाम सांगतो. पण ऐकलं होतं ते कानांनी. त्या जुन्या हातांना कोण सांगणार?

पहिला फोन आला तो भर दुपारी. वारा सुटलेला, एक ट्रॉलर नांगर टाकून कसाबसा उभा, आणि नांगर घसरत चाललेला. त्याच्यामागे खडक स्पष्ट दिसत होते. त्याच्या डेकवर पाणी उपसायचा पंप कानठळ्या बसतील असा चालू होता. ट्रॉलरवरचे लोक हातवारे करत होते, लवकर, लवकर. दिराने बोट झपाट्याने त्याच्या मागे आणली, दांडा ओढून रिव्हर्स टाकला, बोटीला ब्रेक लागला, आणि तो दोर घेऊन पुढे पळाला. ट्रॉलरवरच्या माणसाने दोर पकडून बांधला. दोर ताठ झाला, बोट जागच्या जागी उभी राहिली. वारा मागे ओढतोय, असंच कुणालाही वाटलं असतं.

लेकीने डोक्यावर रबरी टोपी ओढली, कान झाकले गेले. फिन चढवले. बुडाखालची फळी शांत होती. तिने मास्क लावला.

वहिनी इंजिनाचं झाकण उघडून गुडघ्यांवर बसली होती. खरं सांगायचं तर काही बिघडलं म्हणून नाही. आपण केलेलं काम पहिल्यांदा खऱ्या पाण्यात कसं चालतंय ते तिला डोळे भरून बघायचं होतं. इंजिन एका लयीत चालत होतं, एक ठिणगी चुकत नव्हती. हे चालू आहे हे त्या बोटीवर फक्त तिला माहीत होतं, आणि ती धरून चालली होती की गिअर सुटलेला आहे. दिराने चावी का फिरवली नाही, हे तिच्या मनात येऊन गेलं. लाटांमुळे चालू ठेवलं असेल. पण मग पोरगी उतरण्याआधी त्याला सांगायला हवं, म्हणून तिने मान वर केली, आणि मान वर करताना नजर पंख्याच्या दांड्याच्या जोडावरून गेली.

पांढरा पट्टा दिसेना. त्याच्या जागी सगळीकडून पांढुरकं कडं दिसत होतं.

पंखा फिरत होता. रिव्हर्समध्ये. रिव्हर्समधला पंखा मागचं पाणी आत ओढतो आणि पुढे बोटीच्या पोटाखाली ढकलतो, म्हणून मागे फेसाचं नावनिशाण नव्हतं. आणि लेक शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होती, पाठ समुद्राकडे, एक पाय पाण्यात.

वहिनी ओरडली. पंपाच्या आवाजात ते तिला स्वतःलाच ऐकू आलं नाही. दीर पुढच्या टोकाला, पाठमोरा. गिअरचा दांडा आणि चावी इंजिनाच्या पेटीच्या पलीकडे, उठून वळसा घालायला लागणार. लेकीचा दुसरा पाय पायरीवरून उचलला गेला.

तिने हात खाली घातला, कॉइलमधून निघणारी जाड वायर मुठीत पकडली आणि उपटली. नवी कॉइल, नवी वायर, ठिणगी वाढावी म्हणून तिनेच निवडून आणलेली. झटका तिच्या बोटांतून खांद्यापर्यंत गेला आणि ती मागे फेकली गेली, पण वायर हातात होती. इंजिन थांबलं.

ताठ दोर एकदम सैल पडला. पुढे उभ्या असलेल्या दिराच्या हातातून तो खाली ओघळला आणि बोट जराशी पुढे सरकली. दीर त्या सैल दोराकडे बघत राहिला. मग त्याने मागे वळून गिअरच्या दांड्याकडे बघितलं. रंग उडालेल्या तोंडाने तो आला आणि त्याने दांडा मधे आणला.

लेक कमरेपर्यंत पाण्यात, शिडी धरून वर बघत होती. तिने टोपी कानावरून सरकवली. आई अशी पडली कशाने, हेच तिला कळेना. पायाला काहीतरी ओढल्यासारखं वाटलं, असं ती म्हणाली आणि तिने पाय वर घेतला. फिनचं टोक स्वच्छ कापलेलं होतं. बोटं शाबूत होती. तिघांनीही ते टोक पाहिलं.

"वहिनी," दीर शेवटी म्हणाला, "मला वाटलं ते मेलं."

तिला त्याला चार शब्द ऐकवायचे होते. ऐकवण्यासारखे होतेही. पण त्याचं तोंड बघताना तिच्या लक्षात आलं की जे इंजिन मरू नये म्हणून आपण जिवाचं रान केलं, त्याच्या मरण्यावर ह्या माणसाचे हात आणि आपल्या पोरीचे पाय भरवसा ठेवून होते. हे आपल्यालाही सुचलं नव्हतं. तिने सुन्न पडलेला हात पुढे केला.

"चावी द्या, भावजी."

त्याने चावी काढून दिली. तिने चावीची दोरी लेकीच्या मनगटाला बांधली, गाठ दातांनी आवळली, कारण उजवी बोटं चालतच नव्हती. ट्रॉलरवरचे लोक अजून हात हलवत होते, नांगर घसरतच होता. लेकीने आईकडे बघितलं. जाऊ का, असं तिने विचारलं नाही, पण थांबली होती. वहिनीने सरपटत जाऊन इंजिनाच्या पेटीत डोकावलं. पांढरा पट्टा एका जागी होता.

"जा," ती म्हणाली.

पंख्यातला दोर सुटला, ट्रॉलर खडकांच्या अलीकडून निघाला, आणि वहिनीची बोटं दोन दिवस बधिर राहिली. आजही ट्रॉलरजवळ आलं की दिराचा हात रिव्हर्सवरच जातो. इंजिन मरत नाही. मग तो दांडा मधे आणतो, इंजिन बंद करतो, चावी काढतो आणि पुढे पळण्याआधी मागे येऊन पुतणीच्या मनगटाला स्वतः बांधतो. ती त्याला चिडवते की काका, आता तुमच्याकडे चावी नाही, मी वर आल्याशिवाय तुम्ही घरी जाऊ शकत नाही. तो म्हणतो, बरं आहे तसंच. पेटीपाशी बसलेल्या आईचा आवाज येईपर्यंत मात्र ती शिडीवर पाय ठेवत नाही.