घरातला आवाज

आई माझ्या कपड्यांना सरावली, लांब केसांना सरावली, शेजारणींना ‘ही माझी मुलगी’ असं ठणकावून सांगायलाही लागली. अडलं ते आवाजापाशी. माझा आवाज हुबेहूब पपांचा. पपा गेल्यापासून रविवारी सकाळी बुद्धमूर्तीसमोर वंदना मीच घ्यायचे आणि आई डोळे मिटून ऐकत बसायची. आवाजासाठी स्पीच थेरपी सुरू करतेय म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, “बाहेर बोल कशीही. घरात तेवढा तोच राहू दे.” मला राग आला. राग आल्याचं वाईटही वाटलं.

थेरपिस्ट मॅडम अस्सल पुणेरी. पहिल्या दिवशी मी जमेल तितका बारीक आवाज काढून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“झालं? अहो, हा आवाज नाही, गळ्यावरचा अत्याचार आहे.”

मग त्यांनी पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून त्यातून गुणगुणायला लावलं. बुडबुडे येत राहिले पाहिजेत, गळा मोकळा राहिला पाहिजे. आवाज छातीत घुमवायचा नाही, पुढे ओठांशी आणायचा. वारजे ते खराडी मी स्कूटरवर हेल्मेटच्या आत गुणगुणत जायचे. सिग्नलला शेजारचे वळून बघायचे. बघेनात का!

हळूहळू तो आवाज आला आणि मला फार आवडला, अगदी लाजायला होईल इतका. ऑफिसच्या फोनवर लोक सहज ‘मॅडम’ म्हणू लागले. संध्याकाळी मात्र घराचं दार उघडलं की मी पपांच्या आवाजात म्हणायचे, “आई, चहा टाक गं.”

एकदा माझा घसा बसलेला पाहून मॅडमनी विचारलं, “घरी काय करता?” मी सगळं सांगून टाकलं. आता ओरडा बसणार, असं वाटलं होतं.

“दोन आवाज ठेवायला माझी हरकत नाही, काही जण ठेवतात,” त्या म्हणाल्या. “पण तो दुसरा तुम्हाला हवाय का?”

मला रडूच फुटलं. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. “रडतानाही गळा आवळताय. मोकळं रडा.”

त्या रविवारी मी मेणबत्ती लावली, हात जोडले आणि नव्या आवाजात वंदना सुरू केली. आईने खाडकन डोळे उघडले. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. जरा वेळाने लक्षात आलं, आईसुद्धा म्हणत होती, माझ्याच सुरात, मोठ्याने.

वंदना संपली.

“चिडलीस?” मी विचारलं.

“ह्यांच्याबरोबर मला कधी म्हणताच यायचं नाही. त्यांचा सूर फार खाली असायचा,” ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

तिचे डोळे बघून माझा सगळा धीर गळाला. “तुला हवं असेल तर वंदनेपुरता मी जुनाच आवाज ठेवते, आई.”

“नको,” ती म्हणाली. “त्यांचा आवाज माझ्या कानात आहे. तुझाच ऐकायचा राहिलाय.”