तारखेच्या पोटातली तिथी

प्राप्ती गावंडला तिच्या गावात सगळे ‘बॅलिष्टर’ म्हणतात. काळा कोट चढवला की उरणच्या खाडीकाठच्या माणसांना आत बॅरिस्टरच दिसतो, त्याला कोण काय करणार! प्रत्यक्षात ती अलिबागेत अजितसरांच्या हाताखाली पाच वर्षं ज्युनियर वकील. सरांकडची कामं ट्रस्टची, व्यापाऱ्यांच्या भांडणांची आणि फसवणुकीच्या दिवाणी दाव्यांची. त्यात प्राप्तीचा वाटा एवढाच, की सर दुसऱ्या कोर्टात अडकले की उभं राहायचं आणि नम्रपणे म्हणायचं, “पुढची तारीख मिळावी.” एकदा देवासमोर हात जोडल्यावरही तिच्या तोंडून तेच निघालं म्हणतात. देव हसलाच असेल.

मग एक दिवस सरांनी एक प्रकरण पुरतं तिच्या ओटीत घातलं, तेही ते हरणारं आहे याची खात्री करून घेऊनच.

मुरुडच्या अलीकडे समुद्रातल्या एका खडकावर खडकाई देवीचं देऊळ आहे. ओहोटीला चालत जायचं, भरतीला देवीला तिच्या पाण्यात सोडून यायचं. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला तर सभामंडपातच गुडघाभर पाणी. देवीची नारळाची वाडी मात्र किनाऱ्यावर. ट्रस्टचा चिटणीस हितेश, राहणार पनवेल. त्याने ती वाडी एका रिसॉर्टवाल्याला नव्याण्णव वर्षांसाठी द्यायची परवानगी धर्मादाय कार्यालयात मागितली. सोबत सभेचा ठराव जोडला: तेरा जानेवारी, दुपारी साडेअकरा ते दीड, देवळाच्या सभामंडपात, सर्व विश्वस्त हजर, एकमताने मंजूर. खाली विश्वस्त आवडाबाईंची सही, अगदी हुबेहूब.

“सही माजीच दिसते, पण म्या केलेली न्हाय,” आवडाबाई ऑफिसात येऊन सांगत होत्या. सत्तरीच्या कोळीण, डोक्यात अबोलीचा गजरा, आवाज मासळीबाजारातला. “बाकीचे सगले हितेशच्या खिशात. वाडी गेली तर देवीची ओटी भरायला नारल काय इकत आनायचा? तिच्याच वाडीचा?”

“मावशी, ते खरं. पण तेरा जानेवारीला तुम्ही होतात कुठे?”

“कंची तिथ होती?”

“कोर्टात तारीख चालते मावशी, तिथी नाही.”

“तारीख तुमची. पानी तिथीवर चालतं, बॅलिष्टर.”

प्राप्ती हसली, हसता हसता थांबली. तिने कपाटातून गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. तेराच्या चौकोनात बारीक अक्षरं होती: शाकंभरी पौर्णिमा. आणि तिला एकदम बाबा आठवले. बुधाजी गावंड, जन्म मिठागरात गेलेला. मिठागरात पाणी कधी घ्यायचं ते घड्याळात न बघता सांगायचे. “तिथीची पाऊणपट कर पोरी, ती भरतीची वेल.” पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.

“मावशी! पुनवेच्या दुपारी साडेअकराला देवळात...”

“पुनवेला?” आवडाबाईंनी कपाळावर हात मारला आणि गदागदा हसल्या. “आगं, मंग ही सभा माशांनी घेतली गं!”

सरांना मात्र ते पटेना. “कोर्टापुढे तिथीचा पुरावा? गावंड, मग सोबत दक्षिणाही मागा.”

छापील कागद हवा होता. तो निघाला सरांच्याच कपाटातून. न्हावा शेव्याला लसणाचा एक कंटेनर सडला होता, त्याचा दावा सरांकडे होता. बोट धक्क्याला का लागली नाही हे दाखवायला त्यात गेल्या वर्षभराच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक जोडलेलं. शेजारीच नमुन्याच्या लसणाची पिशवी. तेरा जानेवारी, पूर्ण भरती बाराच्या सुमारास. मुरुडला दहा-पाच मिनिटं इकडेतिकडे. खडकाईच्या नैवेद्याला लसूण चालत नाही, पण तिच्या कामाला लसूणच धावला. देवीचं कोण सांगणार!

धर्मादाय आयुक्तसाहेबांपुढे सुनावणी लागली. मनात खडकाईचं नाव घेऊन प्राप्ती हितेशच्या उलटतपासणीला उभी राहिली.

“सभेला आपण होडीने आलात?”

“होडी कशाला? वाट आहे की. चालत आलो,” हितेश म्हणाला.

“पाय भिजले असतील.”

“छे, बूट होते पायात.”

“मंडपात बसलात कशावर?”

“सतरंजीवर. सगळे दीडपर्यंत तिथेच बसलो होतो. चहासुद्धा झाला.”

“गरम होता?”

“मॅडम, चहा गरमच असतो.”

तेव्हा तिने वेळापत्रक पुढे ठेवलं. साहेबांनी कागद हातात घेतला, नाक आक्रसलं. “हा वास कसला?”

“लसणाचा, साहेब. पण आकडे ताजे आहेत.”

साहेबांनी दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून हितेशकडे पाहिलं. “गुडघाभर पाण्यात सतरंजी अंथरली होती की तरंगत होती?”

हितेश ठरावाचा कागद उलटसुलट करू लागला. मागून आवडाबाई ओरडल्या, “सायेब, कोलंब्या बसलेल्या तिच्यावर! त्यांच्या सह्या घ्या!” साहेबांनी त्यांना दटावलं खरं, पण दटावताना रुमाल तोंडावर धरला होता.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. सभा झालेली दिसत नाही, परवानगी नाकारली, खोट्या सहीची चौकशी व्हावी. वाडी देवीची देवीकडेच राहिली. अजितसरांनी हुकूम वाचून नुसतंच “हं” केलं, आणि लसणाची फाइलही प्राप्तीच्या टेबलावर आणून ठेवली.

आवडाबाई वाडीतला सोललेला नारळ घेऊन आल्या. “देवीची ओटी सोता भरायची तू. कंदी येतेस?”

प्राप्तीने कोर्टाची डायरी उघडली, सवयीने. “येत्या रविवारी मोकळी आहे. अकरा-साडेअकरापर्यंत पोहोचते.”

आवडाबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्या रविवारी अमावस्या होती.

“ये की,” त्या म्हणाल्या. “पान्यात पवता येतं ना, बॅलिष्टर?”